पाठीवरची चुणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही. तुमचं जेवण झालं असेल तर थोडं थांबू या हवं तर. नाही? बरं, मग ऐका.

त्या दुपारी मी फक्त एक ड्रेस परत करायला स्टुडिओत गेले होते. पाच मिनिटांचं काम. फॅशनवर ब्लॉग लिहिणाऱ्या बाईचं आयुष्य लोकांना फार चकचकीत वाटतं, पण त्यातला निम्मा वेळ दुसऱ्यांचे कपडे पिशवीत भरून पोचवण्यात जातो. आणि काय ते कपडे! दुकानात यायच्या आधी शिवलेला तो एकच नमुना असतो, एकाच मापाचा. माझ्याआधी तो दहा जणींच्या अंगावरून गेलेला असतो आणि धुवायची सोय नसते, कारण धुतला की त्याची रया जाते. एकीच्या काखेतला घाम, दुसरीच्या मानेवरची पावडर, तिसरीचं आणखी काय काय. मी श्वास रोखून तो डोक्यातून घालायची आणि कॅमेऱ्यासमोर गोड हसायची. आठ वर्षं अशी हसले.

माप एकच, म्हणजे तो नमुना कुणालाच धड बसत नाही. त्यावरचा उपाय आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सैल कापड मागे गोळा करायचं आणि पाठीला ओळीनं चिमटे लावायचे. समोरून बघाल तर अंगावरच शिवलाय असं वाटेल. मागून बघाल तर वाळत घातलेल्या चादरीची आठवण होईल. पण मागून बघतंय कोण? त्या दुपारीआधीच्या सहा महिन्यांत तर चिमट्यांचा डबा उघडायची वेळच आली नव्हती. कपडे आपोआप बसत होते, गाल घट्ट झाले होते, हनुवटीला धार आली होती. व्यायाम फळला म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

तर, स्टुडिओत त्या वेळी सर नव्हते. सर म्हणजे आमचे फोटोग्राफर. आतल्या खोलीत रिटचवाली एकटीच बसली होती. फोटोतले डाग, सुरकुत्या, चिमटे पुसून टाकणं हे तिचं काम. कच्चे फोटो आम्हाला दाखवायचे नाहीत असा सरांचा नियम होता, त्यामुळे त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं माझा चेहरा हजारदा पाहिला असेल, मी तिचा पहिल्यांदाच पाहत होते.

"बसा ना," ती म्हणाली. "आज एकट्याच? तुमच्या बाई नाही आल्या?"

"कुठल्या बाई?"

"अहो, त्या मागे बसतात त्या. चिमट्यांऐवजी हातानंच कापड धरून ठेवतात." ती जरा लाजत हसली. "एक सांगू का, राग मानू नका. त्यांना नखं कापायला सांगा हो. पुसता पुसता माझे डोळे जायची वेळ येते."

मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. "माझ्याकडे कुणी बाई नाही."

"मग सरांच्या असतील."

"सरांनी अजून झाडू मारायला माणूस ठेवला नाही, ते बाई कुठून आणतील?"

"मग कपडेवाल्यांनी पाठवलेल्या…"

ते कपडे तर दर वेळी मीच आणत होते, एकटी. स्टुडिओत हे असंच चालतं. दिव्यांमागच्या अंधारात काळे कपडे घातलेली चार माणसं वावरत असतात, आणि जो तो समजतो की नवीन माणूस दुसऱ्या कुणीतरी आणलंय. विचारायला कुणाला फुरसत नसते.

तिनं कच्चे फोटो उघडले.

माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, कापडाच्या कडेशी, बोटांची टोकं दिसत होती. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरट, सुजलेली, सुरकुतलेली. नखं पिवळी, आणि त्यांच्याखाली ओला काळपट मळ. एका फोटोत पांढऱ्या सॅटिनवर त्या मळाचा ओघळ उतरला होता. मी तोच ड्रेस घालून दिवसभर फिरले होते, त्यातच जेवले होते.

ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. आधी बोटं कापडावर होती. मग पाच महिन्यांपूर्वीचा उघड्या पाठीचा ड्रेस आला. त्याला मागे धरायला कापडच नव्हतं. बोटं तरीही होती. मानेच्या कडेला, कानाच्या मागे, अगदी घट्ट आवळलेली.

"इथे…" रिटचवालीनं आवाज खाली आणला. "इथे त्यांनी काय धरलंय?"

मी तोंडावर हात दाबून बाथरूमकडे पळाले.

घरी ताई आली होती. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, हॉस्पिटलात जखमांच्या पट्ट्या बदलते. चिघळलेले पाय, सडलेली बोटं दिवसभर साफ करून घरी येते आणि पोटभर जेवते. तिला कशाची म्हणून किळस येत नाही. मी काही न सांगता तिच्याकडे पाठ केली आणि टॉप वर उचलला.

ताईनं दिवा जवळ ओढला.

"ताई, बोल ना गं."

"गप उभी राहा… हलू नकोस."

तिनं हातमोजे चढवले आणि दोन आरसे समोरासमोर धरून मला माझी पाठ दाखवली. मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावर कातडीची एक उभी चुणी पडली होती. जाड, लालसर, ओठ मिटावेत तशी मिटलेली. तिच्या दोन्ही बाजूंना चार चार खळगे. एकाच जागी कुणी बोटं रुतवून ठेवली की पडतात तसे.

ताईनं कापसाचा बोळा चुणीच्या आत घालून वरपासून खालपर्यंत फिरवला. तो बाहेर आला आणि खोलीभर आंबूस, कुजका वास पसरला. बोळ्यावर रंगीत धागे होते, दोन टिकल्या होत्या, पावडरचा पिवळा लगदा होता आणि एक लांब केस होता, तो माझा नव्हता. आजवर घातलेल्या सगळ्या कपड्यांची घाण माझ्या मांसात साठली होती. त्या बोळ्याकडे बघून ताईनं तोंड फिरवलं. तिनं तोंड फिरवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे आजकालचं नाही," ती म्हणाली. "आतून कुजायला लागलंय. उघडावं लागेल."

तिनं दोन्ही अंगठे टेकवून चुणी जराशी फाकवली. माझी नजर आरशात होती. माझा डावा डोळा खाली ओघळला. गाल सुटला. हनुवटीखाली कातडीची पिशवी लोंबायला लागली. आरशातली ती बाई दमलेली होती, पोक्त होती, आणि ती मीच होते.

"सोड! ताई, सोड आधी!"

तिनं हात काढला. चुणी आपली आपण मिटली. त्याचा चिकट, ओला आवाज आम्ही दोघींनी ऐकला. चेहरा पुन्हा जागच्या जागी आला.

"चार दिवस थांब," मी म्हणाले. चार दिवसांनी सरांचं प्रदर्शन होतं आणि त्यात एक अख्खी भिंत माझ्या फोटोची होती. "तेवढं होऊ दे. मग काप, शीव, काय हवं ते कर."

"अगं, चार दिवसांत ताप चढेल. विष रक्तात गेलं तर मरशील!"

"नाही मरत मी."

ताईनं आरडाओरडा केला, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. मी बधले नाही. कुजलेल्या कातडीची मला शिसारी आली होती, नाही कशाला म्हणू. पण त्या ओघळलेल्या गालाची त्याहून जास्त आली होती. आज हे सांगताना माझीच मला येते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच अंगात ताप होता. हॉल पांढराशुभ्र, लखलखीत उजेडाचा. भिंतीवर मी, दीड पुरुष उंच, आणि तिच्यापुढे मी. लोक येत होते, फोटोकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. "अगदी फोटोसारख्याच दिसता हो!" म्हणत होते. मधूनच एखादी बाई नाक मुरडून इकडेतिकडे पाही. कुणीतरी कोपऱ्यातली फुलं कुजली म्हणून बाहेर नेली. फुलं ताजी होती.

दुपारपर्यंत पाठीवरची पकड आवळत गेली. आधी पापण्या मिटेनात. मग ओठ दातांवर ताणले गेले ते मिटेनात, आणि लोकांना वाटलं मी हसतेय. श्वास छातीच्या वर येईना. फोटो काढून घ्यायला माणसं रांगेनं उभी होती. तेवढ्यात ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर शाल होती, तिच्या आडून तिनं हात आत घातला.

"इथे हात आहे गं…" तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "गार आहे. ओला…"

"ताई, मला श्वास…"

"एकेक बोट सोडवतेय. घट्ट उभी राहा. तुला माझी शपथ."

एक सुटलं. दोन. तीन. प्रत्येक बोटासरशी छातीत थोडी हवा शिरत होती. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पाचव्याला माझी मान सैल पडली. सहाव्याला पापणी उतरली. सातव्याला गाल सुटला, आणि समोर फोन धरून उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिच्या मागची रांग दोन पावलं मागे सरकली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एखाद्यानं पानात माशी बघावी तसं.

"आता शेवटचं," ताई म्हणाली. "सुटलीस बघ."

आणि मी म्हणाले, "धर."

ताईला म्हणाले नव्हते.

ताईचा हात शालीतून झटक्यात बाहेर आला. तिची बोटं काळीनिळी पडली होती. माझा चेहरा वर गेला, गाल घट्ट झाला, समोरची मुलगी सुटकेचा श्वास टाकून हसली आणि तिनं फोटो काढला. ताईनं रुमालानं हात पुसला, बराच वेळ पुसला.

"काय म्हणालीस ते ऐकलं मी," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही. फोन उचलते, बरी आहेस का विचारते आणि ठेवून देते.

माझा ताप त्याच संध्याकाळी उतरला. आठवड्यानं आरशात पाठ पाहिली तर सपाट. चुणी नाही, खळगे नाहीत, वास नाही. मी सुटले असं मला वाटलं. पुढच्या शूटला मी जीव ओतून हसले.

दुसऱ्या दिवशी रिटचवालीचा फोन आला.

"मागे आता काही नाही दिसत," ती म्हणाली. "पाठ, मान, सगळं स्वच्छ आहे."

"मग झालं तर."

"हो… पण तो एक फोटो आहे ना, तुम्ही तोंड उघडून हसलाय तो…" ती थांबली. "दातांच्या मागे… आतून, गालाला धरून… चार दिसतायत. नखं तशीच आहेत."

मी जीभ हलवली नाही.

"पुसू का?" तिनं विचारलं.

"पूस."

तेव्हापासून मी फोटोत ओठ मिटून हसते. लोकांना हे नवीन हसू फार आवडलंय.