कानाडोळा

"सात नंबर!" नर्सबाईंनी पुकारा केला, आणि बाकावरून दोघं एकदम उठली.

ती पुढे होती म्हणून तिला डावीकडच्या दारातून आत घेतलं, आणि तो मागे राहिला म्हणून त्याला उजवीकडच्या. दहा मिनिटांनी ती एका बंद खोलीत कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसली होती आणि काचेपलीकडून एक डॉक्टर 'पिप् ऐकू आलं की बटण दाबा' असं खुणेनं सांगत होते. "अहो, मला डोळे तपासायचेत!" असं ती तीनदा म्हणाली. पण खोली आवाजबंद. ऐकणार कोण?

बाहेर आली तर तो दाराशी उभा, औषध घातलेल्या डोळ्यांनी मिचमिच बघत.

"तुम्ही... सात नंबर?"

"हो. आणि तुम्ही?"

"मीही सातच." त्यानं डाव्या कानाची पाळी ओढली. मग म्हणाला, "माझे डोळे उत्तम आहेत म्हणे. पण मी कान दाखवायला आलो होतो हो..."

"ते माझे दाखवून झाले. तेही उत्तम आहेत!"

आणि दोघांना जे हसू फुटलं, ते नर्सबाईंनी दोनदा डोळे वटारले तरी थांबेना.

आता हा घोळ समजायचा तर त्यांचं काम समजायला हवं, आणि ते तिच्या सख्ख्या आत्यालासुद्धा तीन वर्षांत समजलं नव्हतं. "दिवसभर बसून व्हिडिओ बघते आणि वर पगार घेते! मग आमच्या ह्यांनाही द्या की," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती ऐकून घ्यायची. काय बघते ते तिनं घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

लोक ज्या ॲपवर आपापले व्हिडिओ टाकतात, त्याच्या कंपनीत ती कामाला होती. कुणी तक्रार केली की व्हिडिओ तपासायला येई. तिच्या चौथ्या मजल्यावर यायचे ते सगळ्यांत वाईट. माथेफिरूंच्या टोळ्यांनी माणसं मारताना काढलेले, आणि तोंड बांधून 'भावांनो, आमच्याकडे या' अशी हाक घालणारे. हे बघणं आणि ऐकणं दोन्ही एकदम केलं की माणसाची भूक जाते, झोप जाते. म्हणून कुण्या शहाण्यानं काम निम्मं-निम्मं वाटून टाकलं होतं. एकानं आवाज बंद करून नुसतं बघायचं, तो डोळा. दुसऱ्यानं चित्राशिवाय नुसतं ऐकायचं, तो कान. जोडीला नंबर एकच, कंपनीच्या दवाखान्यातल्या तपासणीतसुद्धा तोच. दोघांनी लाल बटण दाबलं की व्हिडिओ गेला. पण एकाचं लाल आणि दुसऱ्याचं हिरवं पडलं, तर फोनवर बोलून एकमत होईपर्यंत तो जिथल्या तिथे राहणार, आणि लोक बघत राहणार.

मजल्याला कुणीतरी नाव ठेवलं होतं, 'कानाडोळा खातं'. जिथे कशाकडेच कानाडोळा करायची सोय नव्हती, त्या जागेला हे नाव! मजल्याच्या मुख्य मॅडमना ते मुळीच आवडायचं नाही, म्हणून तर ते टिकलं.

सात नंबरची आधीची कानवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि दवाखान्यातल्या त्या घोळानंतर सोमवारी तिच्या जागी तो रुजू झाला. अकराच्या आत त्यानं पहिलं हिरवं दाबलंसुद्धा.

तिनं तडक फोन लावला. "अहो सात नंबर, तोंड बांधलेला माणूस बंदूक घेऊन उभा आहे. हिरवं कसलं दाबताय?"

"मला बंदूक कुठे दिसतेय? भाषण चाललंय... अजून एकदा ऐकू द्या ना. दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत हजार लोक बघतात."

"बरं, एकच... तुम्ही बिस्कीट खाताय का हो?"

ती चावता चावता थांबली.

"सादळलंय," तो म्हणाला. "डब्याचं झाकण नीट लागलं नसेल."

फोन ठेवल्यावर तिनं डबा बघितला. झाकण खरंच तिरकं होतं. तिला राग आला, आणि रागाबरोबर गालात हसूही आलं, ते तिला अजिबात परवडणारं नव्हतं.

मग रोजचंच झालं. रोज पाच-सहा हिरवी, रोज पाच-सहा फोन. एकदा म्हणाला, "बाहेर पाऊस पडतोय का?"

"ऐकू येत नाही तुम्हाला? कान ना तुम्ही?"

"आमच्या खोलीला खिडकी नाही, भिंती जाड. तुम्ही बघून सांगा."

तिनं खिडकीकडे बघितलं. "पडतोय... तिरका. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळत घातलेल्या चादरी घेऊन पळतेय. एक चादर राहिली... परत आली... अरे देवा, तीच चादर डोक्यावर घेतली तिनं!"

पलीकडे तो इतका मनापासून हसला, की तिनं रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.

दुपारी जिन्यात डबा खाताना भेट व्हायची. "कॉलर आत गेलीय तुमची," ती म्हणायची. "आणि तुम्ही आज धावत आलात," तो म्हणायचा, "श्वास अजून जागेवर नाही." तिला त्या जिन्याची ओढ लागली, एक वाजायच्या आधीच पाय हलायला लागायचे. आणि तरी – तरी त्या हिरव्या बटणानं तिचा जीव खालीवर व्हायचा.

कारण मागच्या वर्षी तिचा स्वतःचा हात अडखळला होता. एक गोड चेहऱ्याचा माणूस होता, रक्त नाही, शस्त्र नाही, नुसता बोलत होता. लाल की हिरवं? तिनं चोवीस मिनिटं घेतली. पुढे बातमीत दोन मुलांचे फोटो आले. तो व्हिडिओ बघूनच घर सोडून गेली, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती थांबत नसे.

पंधराव्या दिवशी तिनं जिन्यात सरळच विचारलं. "खरं सांगा. माझा फोन यावा म्हणून हिरवं दाबता का?"

"निम्मं खरं..." तो लाजला. त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला. हा हात तिकडे गेला की अवघड काहीतरी येणार, एवढं तिला आता कळत होतं. "निम्मं दुसरंच आहे. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. त्यांच्यात. रात्रंदिवस हेच बघायचा. त्याला 'र' नीट म्हणता येत नाही... कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत आवाज येईल म्हणून ही नोकरी धरली. रोज घरी गेलो की आई विचारते, आला का रे ऐकू? लाल दाबून मोकळं झालं, आणि तोच असला तर?"

त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी त्या दोन मुलांचे फोटो डोळ्यांसमोर उभे राहिले.

"म्हणजे तुमचा एक भाऊ सापडावा," ती म्हणाली, "म्हणून दुसऱ्यांचे किती भाऊ जाऊ द्यायचे?"

"काढून टाका ना. मी कुठे ठेवा म्हणतोय? फक्त मी ऐकल्यावर काढा."

"ते तुमच्यासाठी थांबत नाहीत!"

तो उठला. डबा अर्धा तसाच. "तुम्ही फक्त बघता," जाता जाता म्हणाला. "ऐकून बघा एकदा."

लागलं तिला ते. फार लागलं.

डोळेवाल्यांकडे आणखी एक बटण असायचं, काचेच्या झाकणाखाली. रक्त दिसलं की झाकण उचलायचं आणि कानाला न विचारता व्हिडिओ उडवायचा. तिनं त्या दिवसापासून सगळंच झाकणाखालच्या बटणानं उडवायला सुरुवात केली. कारणाच्या जागी 'रक्त' असं धडधडीत खोटं. त्याच्यापर्यंत काही पोचेना. फोन वाजेना. जिन्यात ती जाईना. घरी ताटावरून अर्धवट उठायची, एकाच खोलीत दहा फेऱ्या मारायची. आत्या म्हणाली, "अगं, बूड टेकव कुठेतरी! कुणाची वाट बघतेयस?" तिला रडूच आलं. नियमानं वागून चैन नाही, नियम मोडून चैन नाही, आणि त्या मेल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तर मुळीच नाही!

चौथ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. पडद्यावर मातीची भिंत. तोंड बांधलेला एक तरुण, नुसते डोळे दिसताहेत. रक्त नाही, शस्त्र नाही. त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं, आता तो बोलणार... आणि त्याआधी डाव्या हातानं फडक्यावरूनच कानाची पाळी ओढली.

तिचा हात झाकणावर गोठला.

खाली आकडा पळत होता. बघणारे तीनशे. नऊशे. झाकण उचललं तर त्याला कधी कळणारही नाही. कानाकडे पाठवला तर तो ऐकेल, हिरवं दाबेल, पुन्हा ऐकेल... दीड हजार. कुठल्या घरात आत्ता कुणाचा धाकटा हे बघत असेल? दोन हजार शंभर.

तिनं झाकण उचललं आणि दाबलं. आकडा थांबला.

मग ती खुर्ची मागे ढकलून धावत सुटली. डोळ्यांनी कानांच्या खोलीत जायला बंदी होती. "अगं, कुठे?" मॅडम ओरडल्या. तिनं दार उघडलं, अंधूक खोलीत सातवं टेबल शोधलं, आणि त्याच्या कानांवरचे हेडफोन स्वतःच्या हातानं काढले.

"तो आहे," ती धापा टाकत म्हणाली. "मी बघितलं त्याला. आणि मी काढून टाकला, आता तो कुणाला दिसणार नाही. काय रागवायचंय ते रागव. पण प्रत कपाटात आहे."

काढलेल्या व्हिडिओंची प्रत तीन दिवस एका कुलूपबंद संगणकात राहायची, पोलिसांना लागली तर म्हणून. त्याला सगळे कपाट म्हणत. ते उघडायला डोळ्याचं आणि कानाचं, दोन्ही कार्डं लागत.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "कपाट... मला एकट्याला उघडता येत नव्हतं. आणि कुणाला मागायचं तर भावाचं सांगावं लागलं असतं."

"मला सांगितलं होतंस की! आणि मी भांडत बसले. कपाट मला सुचायला हवं होतं." तिनं गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "घे."

त्यानं ऐकलं. चार मिनिटं. ती शेजारी उभी राहून त्याचा चेहरा बघत होती. पहिल्याच वाक्याला त्याचे डोळे भरून आले, मग हसू आलं, बहुतेक तो 'र' आला असावा. मग हळूहळू हसू गेलं. पाठ ताठ झाली.

"दुसऱ्यांच्या पोरांना बोलावतोय," तो म्हणाला. "अगदी गोड बोलून. मला लहानपणी भोवरा मागायचा ना, तस्साच आवाज... त्या पोरांच्या जागी मी असतो तर गेलो असतो गं."

मशीननं नेहमीप्रमाणे विचारलं, कानाचं मत? आता ते कुणाला नको होतं. व्हिडिओ कधीच गेला होता. तरी त्यानं हात पुढे केला आणि लाल दाबलं.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यानं त्यांना सगळं सांगितलं, भावाचं नाव-गाव पोलिसांसाठी लिहून दिलं. सही करताना पेन दोनदा थांबलं. तिनंही आपल्या चार दिवसांच्या खोट्या 'रक्ता'ची कबुली दिली. तिला लेखी ताकीद मिळाली. त्याला म्हणाल्या, "घरचा माणूस असताना तुम्हाला इथे ठेवता येणार नाही." त्यांचा स्वर पहिल्यांदाच मऊ होता.

जिन्यात तो एका पायरीवर बसला. ती दोन पायऱ्या खाली, मग एक, मग त्याच्याच पायरीवर.

"गेला सात नंबर," ती म्हणाली.

"हं." हात कानाच्या पाळीकडे गेला. तिनं श्वास रोखला. "आवडतेस तू मला. त्या सादळलेल्या बिस्किटापासून."

"मला दवाखान्यापासून," ती म्हणाली. "माझे कान उत्तम आहेत, विसरलास?"

तो हसला, आणि हसता हसता रडला. "आईला सांगायला जायचंय गं. ती विचारणार, बारीक झालाय का? दाढी वाढवलीय का? मला काय माहीत? मी तर नुसतं ऐकलं. तू चल ना... मी ऐकलेलं सांगतो, तू बघितलेलं सांग."

त्याचं घर दोन बसथांबे लांब होतं. पाऊस होता, छत्री एक, आणि दोघांचेही बाहेरचे खांदे चिंब. दार आईनंच उघडलं. नेहमीचा प्रश्न ओठांवर होता, पण मुलाचा चेहरा बघून तो तिथेच थांबला. मुलगा मान डोलावून म्हणाला, "आला, आई. ऐकू आला."

आईनं चौकट धरली. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या, केसांतून पाणी गळणाऱ्या या अनोळखी मुलीकडे बघितलं.

"आणि ही?"

"हिनं बघितलं त्याला."

आईनं तिचा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला आत ओढलं. जे बघितलं ते तीन वर्षांत जिनं घरात एका शब्दानं सांगितलं नव्हतं, ती त्या बाईच्या शेजारी पलंगाच्या कडेवर टेकली.

"बघितलं, आई," ती म्हणाली. "बारीक दिसला. पण बोलायच्या आधी कानाची पाळी अजून ओढतो."