भीती वाटत नाही अशी जागा

"अय्या, काय भयाण आहे! इथेच करू या खून!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले, आणि मागून आवाज आला, "करा की. फक्त चपला काढून करा, आईने आत्ताच पायरी पुसलीय."

वळून बघते तर एक मुलगा. खांद्यावर शिडी, कानामागे टेस्टर… आणि गालात हसू. कुठे तोंड लपवू असं झालं मला! बंद कारखान्याच्या त्या ओसाड वसाहतीत अजून कोणी राहतं, हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? आमच्या कॉलेजच्या थरारपटासाठी बाहेरच्या जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. तो तिथला वायरमन. पाडायच्या आधी एकेका घराची वीज तोडत निघाला होता. शेवटचं घर त्याचंच.

"सॉरी हं…"

"कशाबद्दल? खुनाबद्दल, की भयाण म्हणालात त्याबद्दल?"

मग मी रोजच जायला लागले. का, तर म्हणे ऊन कुठून येतं ते बघायला! ऊन काय, एका दिवसात कळतं.

"खुनी मॅडम, ही टाकी बघा," तो म्हणायचा. मी वहीत लिहायचे, 'प्रेत लपवायला उत्तम.' की लगेच तो, "इथे मी सायकल शिकलो. बाबा मागे धरून पळायचे." मी गुपचूप ती ओळ खोडायचे. एकदा माझ्या चपलेचा पट्टा तुटला, तर बसला खाली आणि काळी टेप गुंडाळून दिली. "शॉक नाही लागणार आता," म्हणाला. लागला होता ना पण!

निघताना रोज एकच प्रश्न, "शूटिंग नक्की ना?" मी म्हणायचे, "हो हो, शनिवारी संध्याकाळी!"

मला वाटायचं, स्वारीला मला भेटायला निमित्त हवंय. किती शहाणी समजत होते मी स्वतःला!

शेवटी जागेचा अहवाल भरायची वेळ आली. त्याच्या बाबांनी स्वतः बांधलेली ती पायरी, तिच्यावर लाल रंग ओतून प्रेत ठेवायचं? माझा हातच धजेना. लिहिलं, 'ठिकाण अयोग्य. भीती वाटत नाही.' दिग्दर्शकाने दगडाची खाण ठरवली. शनिवारी संध्याकाळी मी उड्या मारत सांगायला गेले. वाटलं, किती खूश होईल!

वसाहतीत सगळे दिवे लागले होते. तोडलेल्या सगळ्या तारा त्याने पुन्हा जोडल्या होत्या. आई ठेवणीतले कपडे घालून पायरीवर बसलेली.

"कॅमेरा कुठाय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं.

"मी साहेबांच्या हातापाया पडून पाडकाम सोमवारवर ढकललं गं…" पहिल्यांदाच 'गं' म्हणाला, तेही असं. "खुनाचं का होईना, पडद्यावर घर राहिलं असतं. आई म्हणत होती, बाबांची पायरी सगळे बघतील."

"मी फोनवर घेते ना! आत्ता, सगळं घेते—"

"मोठ्या पडद्यावर म्हणून सांगितलंय तिला."

"मला तू आवडतोस." रडतच म्हटलं मी. "म्हणून लिहिलं तसं… देवाशप्पथ, म्हणूनच."

त्याची नजर माझ्या चपलेवरच्या टेपकडे गेली.

"मलाही. खून करायला आलीस ना, त्याच दिवसापासून…" "पण आता आईला काय सांगू?"

तेवढ्यात पायरीवरून हाक आली. "आले का रे सगळे? चहा टाकू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पेटीत हात घालून खटका खाली ओढला. सगळी वसाहत काळी झाली.

"वीज गेली गं आई," तो म्हणाला. "शूटिंग नाही होणार आता."

"अरे, मग जोड की!" आई अंधारातून म्हणाली. "वायरमन ना तू?"

त्याने माझा हात घट्ट धरला… आणि सोडला. जोडायला काही तो गेला नाही.