चंद्रोदयाचं ताट

नावड्याच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात मिताली स्क्रीनवर आपला खाडीजत्रेचा बॅनर तपासत उभी होती. चिंबोरी नीट दिसतेय ना, कोलंबी लालभडक आलीय ना... तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सॉरी हं, मधे बोलतोय. पण त्या रविवारी चिंबोऱ्या खाणार कोण?"

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात कुणाच्या तरी बारशाचा गुंडाळलेला फ्लेक्स.

"म्हणजे?"

"संकष्टी आहे त्या दिवशी."

तिने घाईघाईने मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. रविवारच्या चौकोनात इवलासा गणपती निवांत बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या मुलीला हे कळू नये? अहो, सगळ्या गावालाच कळलं नव्हतं. मितालीचं गाव खाडीकाठचं, कोळ्यांचं. तिथे तारीख काढायची म्हटलं की माणसं आधी पाणी बघतात. पुनवेच्या उधाणाला जाळी भरून येतात, ताजी मासळी मिळते, म्हणून तिच्या वडिलांपासून बचत गटाच्या बायांपर्यंत सगळ्यांनी एकमुखाने उधाणातला रविवार धरला. पुनवेनंतर चौथ्या दिवशी संकष्टी येते हे त्यातल्या प्रत्येकाला पाठ. पण मासळीचा विषय निघाल्यावर पंचांग कोण बघतंय.

मासळीच्या जेवणाची ही खाडीजत्रा म्हणजे गावच्या शाळेची व्हॅन. त्या एका दिवसाच्या कमाईवर हायवेपलीकडच्या वस्तीतली मुलं वर्षभर शाळेत यायची. व्हॅन बंद पडली तर त्या पोरांनी ट्रक-ट्रेलरच्या मधून हायवे ओलांडायचा, नाहीतर शाळा सोडायची. तू महाप्याला आयटी कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतेस, मग एक जत्रा काय कठीण, असं म्हणत माजी विद्यार्थ्यांनी यंदा सगळा भार तिच्यावर टाकला होता.

"तारीख बदला," तो म्हणाला.

"मैदान पुढचे सगळे रविवार हळदींना दिलंय. आमच्याकडची हळद म्हणजे काय, तुम्हाला नाही कळायचं."

"मी उरणचा कोळी आहे. आमच्या हळदीचा डीजे पलीकडे मुंबईत ऐकू जातो."

रडू यायच्या बेतात असतानाही मिताली हसली. मग त्याच्याकडे जरा निरखून पाहत तिने विचारलं, "तुम्हाला बऱ्या संकष्ट्या पाठ?"

"उपास करतो. संध्याकाळनंतर मी माणसात नसतो, म्हणून आधीच बघून ठेवतो."

"आणि मग? माणसात कधी येता?"

"चंद्र उगवला आणि समोर वाढलेलं ताट आलं की. पण ताट कुठून येणार... दिवसभर नोकरी करून रात्री मोदक कोण वळतं हल्ली? चंद्र बिचारा वेळेवर येतो, कुकर होत नाही."

मिताली बॅनरकडे बघत राहिली. खारघरच्या, कामोठ्याच्या सोसायट्यांमधून अशी उपाशी माणसं किती असतील...

"मग ते ताट आपण वाढलं तर?"

"आपण?" तो म्हणाला आणि हसला.

मितालीचे कान तापले. "म्हणजे आम्ही. गाव."

"माझं नाव निकेश," तो म्हणाला. "न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात असतो. 'आपण' चालेल मला."

दमयंतीकाकी मात्र ऐकेचनात. काकी बचत गटाच्या मुख्य, आणि त्यांच्या हातची कोलंबी खायला लोक पनवेलहून येत. संध्याकाळी त्यांच्या अंगणात मिताली आणि तिच्या मागोमाग आलेला निकेश उभे राहिले तेव्हा काकी कोयत्याला धार लावत होत्या. "मी कोलीन हाय. मना मोदक विकाया सांगतेस?"

"काकी, घरी संकष्टी सोडताना काय करता?" निकेशने विचारलं.

"काय म्हंजे? वालाचा बिरडा, बिनकांद्याचा. अलूवड्या. तांदलाची खीर, मोदक."

"माझी आई हेच करायची," तो म्हणाला. "ती गेल्यापासून मी संकष्टी हॉटेलच्या डब्यावर सोडतो."

काकींचा हात थांबला. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मितालीला म्हणाल्या, "नारल किती लागतील त्याचा हिशोब कर."

पुढचे पंधरा दिवस मितालीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सोसायट्यांच्या ग्रुपवर निरोप, ताटांची आगाऊ नोंदणी, गुळाची चव, मंडप, पाणी... रात्री डोळा लागला की स्वप्नात रिकाम्या पंगती दिसायच्या. निकेश ड्युटी संपली की बाइकवरून थेट गावात यायचा. यार्डात कंटेनर लावणाऱ्या त्या डोक्याने त्याने पंगतींचे रस्ते आखले. वाढणारे इकडून, उठणारे तिकडून. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा मोदकाच्या सरावात तिच्या पाऱ्या सारख्या फाटत होत्या.

"दे इकडे. घाबरून वळतेस म्हणून फाटतात."

"तू घाबरत नाहीस कधी?"

"घाबरतो की..." तो पारीकडे बघत म्हणाला. "पण मोदकाला नाही."

विचारावं तरी काय? आणि तो नुसता चांगुलपणाने येत असेल तर? एक नवीच धास्ती तिच्या मनात घर करून बसली होती. जत्रा फसली तर व्हॅन जाईल, आणि जत्रा पार पडली की हा जाईल. मग याला या गावात यायचं कारणच काय उरणार?

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं. नोंदणी केलेले आलेच, न केलेलेही आले. शाळेच्या पोरांनी अथर्वशीर्ष म्हटलं, शर्मिलाबाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून प्रत्येकाचं स्वागत करत होत्या. पंगती बसल्या. मोदकांच्या वाफेने सगळा मंडप दरवळला.

आणि चंद्रच दिसेना.

कारखान्यांच्या बाजूने थंडीतलं ते मेलं धुरकं वर चढलं होतं. पूर्वेला नुसता राखाडी पडदा. चंद्रोदयाची वेळ टळून गेली होती.

"वेळ झाली ना, मग वाढा की," कुणीतरी ओरडलं. लहान मुलं रडायला लागली. दोन कुटुंबं उठून गाडीकडे निघाली.

दमयंतीकाकी टोपावर झाकण धरून बसल्या होत्या. "चंद्र बघितल्याशिवाय मी आजपावत संकष्टी सोडली नाय. या बायांनी माज्या भरवशावर रांधलाय. मी झाकन काढनार नाय."

"काकी, पाया पडते," मिताली म्हणाली. "लोक चाललेत."

काकींनी झाकण आणखी घट्ट दाबलं. मितालीला वाटलं, संपलं. ती पोरं, तो हायवे... तिने पदराने डोळे टिपले. निकेश शेजारी येऊन उभा राहिला, फोन कानाला लावून.

"कासिम, क्रेनवरच आहेस ना? पूर्वेला बघ. चंद्र दिसतोय का?"

त्याने फोन स्पीकरवर टाकला. कासिम त्याचा उरणचा दोस्त, बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये त्याची ड्युटी. खाली धुरकं असलं तरी तो त्याच्या वर बसलेला.

"दिसतोय ना," पलीकडून आवाज आला. "लाल, मोठा. व्हिडिओ करू?"

फोनवर चंद्र आला. हलता, थोडा धुरकट, पण चंद्रच. काकींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "बाला, तू सोताच्या डोल्यानी बघतोस ना? खोटं नाय ना बोलत?"

"काकी, मुसलमानाचा पोर हाय मी," कासिम हसत म्हणाला. "ईदचा चंद्र शोधण्यात आमचं आख्खं खानदान गेलं. चंद्राच्या बाबतीत मी खोटं नाय बोलनार."

काकींनी पूर्वेकडे तोंड करून हात जोडले, पळीने पाणी सोडलं आणि माइकजवळच्या पोराला हाक मारली. "सांग सगल्यांना. कासिमनी चंद्र बघितला. वाढा."

गाडीकडे निघालेली माणसं परत फिरली. त्यानंतर मितालीला श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. पंगतीवर पंगत उठली, काही जण तर पुढच्या संकष्टीचं विचारून गेले. शर्मिलाबाईंनी येऊन तिचे दोन्ही हात धरले. "मिताली, व्हॅन वर्षभर चालेल गं."

तिला हसू आलं, डोळेही भरले. आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती निकेशला शोधायला लागली.

तो मंडपाच्या कडेला सतरंज्या गुंडाळत होता. उपाशीच. मितालीने ताट वाढलं, मोदकावर तूप सोडलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने ताट घेतलं, पण खाल्लं नाही.

"झालं तुझं काम," तो म्हणाला. "आता मला इथे यायला काही निमित्त उरलं नाही."

"हे ऐकवायला ताट घेतलंस हातात?"

"नाही. बोलायला काहीतरी हातात हवं होतं म्हणून घेतलंय..." त्याने मान वर केली. "मिताली, शाळा चांगलीच आहे. पण रोज न्हावा शेव्याहून मी शाळेसाठी येत नव्हतो."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुझा जीव त्या व्हॅनमध्ये अडकला होता. त्यात माझं कुठे मधे घालू? आणि तू नाही म्हणाली असतीस, तर मला इथे यायलाही तोंड उरलं नसतं."

"मी रोज घाबरत होते," मिताली म्हणाली. "जत्रा चांगली झाली की तू जाशील म्हणून. जत्रा चांगली व्हावी असं मागतानाही मला भीती वाटत होती, कळतंय का तुला?"

तो हळूच म्हणाला, "मग... जाऊ?"

"बस गुपचूप. आधी जेव."

त्याने मोदक मोडला. पहिला घास घेतला, आणि त्याचे डोळे पाणावले. मिताली त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली, अगदी जवळ.

"मिताली," मागून दमयंतीकाकींचा आवाज आला. त्या रिकामा टोप घासायला काढत होत्या, आणि सगळं ऐकलं असल्याचं त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसत होतं. "त्याला अजून एक मोदक दे. आनि पुढल्या वर्षी त्याला वाढाया उभा करू नको. आमी जावयाकडून कामा करून घेत नाय."

निकेशला जोराचा ठसका लागला. मितालीने पाण्याचा पेला त्याच्या पुढे केला. लाजून लाल झाली होती, पण काकींना 'नाही' काही म्हणाली नाही.