कर्ण्यांसमोरची जागा

भिंगारच्या घरात रंभाजी दुपारी आपला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर लावून बसायचा. तो त्यानं स्वतःच बांधला होता. सारी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे हाताला सवय होती. डाव्या-उजव्या स्पीकरला एकेकच काचेचा व्हॉल्व्ह आणि ताकद जेमतेम दोन वॅट. "एवढ्यात डासपण उडायचा न्हाई," असं त्याची बायको भिमाबाई म्हणायची. पण चहाचा कप घेऊन दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत ऐकत बसायची तीच.

भिमाबाई पावसाळ्याच्या शेवटी गेली. लोक येऊन गेले, पुण्यानुमोदन झालं, मांडवाचे बांबू निघाले. त्यानंतर रंभाजीला पहिलं काही जाणवलं असेल तर ते हे, की खोली वाजायला लागली. आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. त्यात नवल काही नव्हतं. माणसाचं अंग, लुगडं, केस सगळं आवाज पितं. माणूस उठून गेलं की खोली रिकाम्या हंड्यासारखी बोलते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो रोज टाळी वाजवून बघायचा, आणि खोली त्याला रोज तेच सांगायची.

तिचा आवाज त्याला नको होता. तो मोबाईलमध्ये होता, आणि त्याला ऐकवत नव्हता. ती बसलेली असताना खोली जशी वाजायची तशी एकदा वाजावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं खुर्चीवर गोधडी टाकली, जाड पडदे लावले. आवाज मेला, पण माणूस आल्यासारखं काही झालं नाही.

मग त्यानं स्पीकर बदलायचं ठरवलं. त्याच्याकडचे नव्या जमान्याचे, शंभर वॅट खाणारे होते. दोन वॅटवर ते चालवणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. दोन वॅटला, नुसती फुंकर मारली तरी बोलेल असा स्पीकर लागतो. जुन्या सिनेमांना तसे कर्णे असायचे, कारण तेव्हा अँप्लिफायरच लहान होते.

राजूरच्या ओळखीच्या सहादेवच्या बापाचा जत्रांतून फिरणारा तंबूचा सिनेमा होता. सहादेवनं टेम्पोत घालून दोन कर्णे आणून दिले. कपाटाएवढाले लाकडी खोके आणि वर पत्र्याचा रुंद जबडा.

"बाप गेल्यापास्नं गोठ्यात पडून हुते," सहादेव म्हणाला. "आत कोंबडीसुदिक बसत न्हाई."

"का?"

"ते कोंबडीला इचारा. मला तिथं अंडं घावलं न्हाई, एवढंच ठावं."

कर्णे सोळा ओहमचे होते. रंभाजीनं ते अँप्लिफायरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या सोळाच्या तारेला जोडले. जोड बसली. सनईची तबकडी लावून बटण जेमतेम हलवलं, तर सनई खोलीत कुणी उभं राहून वाजवावी तशी आली. रंभाजी ऐकत राहिला आणि मग ताठ झाला. दाराकडून येणारा पडसाद आला नव्हता.

त्यानं तबकडी थांबवली आणि टाळी वाजवली. तीन भिंतींनी उत्तर दिलं. दाराजवळ, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, आवाज मऊ होऊन जिरत होता. त्यानं खुर्ची उचलून अंगणात ठेवली आणि पुन्हा टाळी वाजवली. ती जागा तशीच मऊ.

भूतखेत मानायचं नाही हे त्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतानाच ठरवलेलं. रंभाजीनं पडदे काढले, दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. काही फरक पडला नाही. मग त्यानं खुर्ची आत आणून जागेवर ठेवली, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.

थोडे दिवस सुखाचे गेले. मग खिडकीजवळ दुसरी मऊ जागा झाली.

मग कर्ण्यांच्या अगदी पुढ्यात, जमिनीलगत. तंबूत लोक खाली मांडी घालून बसायचे तशी. मग तिच्याशेजारी आणखी. सनई गोधडीखालून आल्यासारखी येऊ लागली. रंभाजी बटण फिरवत गेला आणि बटण संपलं. दोन वॅट म्हणजे दोनच वॅट. थंडी असून खोली उबदार लागायची आणि सकाळी खिडकीच्या काचेला आतून दव धरलेलं असायचं.

टाळी आता हातातच मरायची. दाराजवळची जागा कुठली आणि बाकीच्या कुठल्या, हे त्याला ओळखू येईना.

रविवारी त्याची लेक वृषाली केडगावहून डबा घेऊन आली. रंभाजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मधली फरशी मोकळी होती. वृषालीनं ओढणी आवरली, आणि भिंतीला पाठ घासत, पाय जपून टाकत, आडवी आडवी त्याच्यापर्यंत आली.

"पप्पा, खिडकी तरी उघडा. किती गर्दी..." ती थांबली. "किती कोंदलंय म्हणते मी."

"अशी कडंनं का आलीस?"

"कशी?" तिनं मागं वळून मोकळ्या फरशीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे खोके काढून टाका, पप्पा. आणि माझ्याकडं चला."

"तुझी आई ह्यात कुठं बसलीय, कळतं का गं तुला?"

वृषालीनं डबा खाली ठेवला आणि ती रडायला लागली.

रात्रभर रंभाजीनं विचार केला. गर्दी कर्ण्यांबरोबर आली, ती कर्ण्यांबरोबर जाईल. भिमाबाई या घरची. ती राहील.

त्यानं सहादेवला फोन केला.

सहादेव सकाळी आला. दोघांनी मिळून खोके टेम्पोत चढवले आणि केबिनला टेकवून बांधले. सहादेव दोर आवळत असताना रंभाजी आत गेला. दाराकडं तोंड करून त्यानं टाळी वाजवली.

खोली हंड्यासारखी वाजली. चारी भिंतींनी.

तो अनवाणीच बाहेर पळाला.

टेम्पो अजून उभा होता. सहादेव वाकून चाकांकडं बघत होता. "रंभाजीराव, येताना स्प्रिंगचे पाटे असे दबले न्हवते. काय दगडं भरली का खोक्यात?"

"मला ने. राजूरपर्यंत."

"चला की. पुढं बसा."

"न्हाई. मागं बसतो."

"बसा मागं. समदं मोकळंच हाय."

रंभाजीनं साखळी धरून एक पाय वर ठेवला. खोक्यांपासून मागच्या फाळक्यापर्यंत उघडा पत्रा होता आणि त्यावर ऊन पडलं होतं. दुसरा पाय टेकवायला जागा शोधत त्यानं या बाजूला पाहिलं, मग त्या बाजूला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "जरा सरक."

कुणी सरकलं नाही. त्यानं पाय खाली घेतला.