घरात कोणीतरी हवं

"मुकी नाही ना ती?"

"मुकी कशाने असेल? कमी बोलते, एवढंच. आपल्याला तेच तर हवं होतं."

पहिला आवाज सासऱ्यांचा, दुसरा सासूबाईंचा. नवी सून चहाचे दोन कप घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी उभी होती. लग्नाला नऊ दिवस झाले होते. स्वतःबद्दलचं असं काही कानावर पडलं की माणसाने एक तर कप वाजवत आत शिरावं, नाही तर आल्या पावली परत फिरावं. तिने दोन्ही केलं नाही, कारण आतलं बोलणं संपल्यासारखं वाटत नव्हतं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काहीतरी बारीक झणझणलं, काचेच्या बरणीत माशी अडकावी तसं. आणि सासरे अगदी अदबीने म्हणाले, "हो, हो. सांगतो ना तिला. सवडीने सांगतो."

ती आत गेली तेव्हा खोलीत ते दोघंच होते.

सासऱ्यांना जुन्या ड्रमसेटचं वेड होतं. लोक निवृत्त झाल्यावर बागेत रमतात, हे कामावर असल्यापासून या खोलीत रमले होते. पूर्वीची ही धान्याची कोठी. जाड दार, वर हातभर झरोका, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. आत सहा सेट, एकेकाच्या बुडाखाली सतरंजी, आणि सतरंजीवर खडूच्या खुणा, म्हणजे झाडताना स्टँड हलला तरी पुन्हा बोटभरही चूक न होता जागेवर यावा. झांजा कधी घासायच्या नाहीत, त्यांचा काळपटपणा हाच त्यांचा आवाज. स्क्रू आवळायचे ते समोरासमोरच्या जोडीने, एका बाजूने आवळत गेलं की कातड्याची पुडी रुसते. सासऱ्यांनी हे सगळं तिला हौसेने दाखवलं होतं. तिला ते आवडलंही होतं. निगुतीने काम करणारी माणसं तिला आवडत.

"आणि हा स्नेअर," सर्वांत जुन्या सेटमधल्या उथळ ड्रमवर बोट टेकवून ते म्हणाले होते. "पोटाखाली तारांची जुडी असते. खोलीत कोणी नुसतं खाकरलं तरी ती झणझणते. सगळ्या वाद्यांत एवढाच एक चोंबडा."

"हा कुणाचा होता, बाबा?"

ते थांबले. मग म्हणाले, "एक बाई होत्या. हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवायच्या. हात थकले म्हणून विकला, पण जीव गुंतलेला. दर गुरुवारी यायच्या, तासभर वाजवून जायच्या."

"मग?"

पुन्हा थांबले. "मग नाही."

हे थांबणं तिच्या लक्षात आलं ते तिच्या कामामुळे. ती कानांच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करायची. पेशंट काचेच्या केबिनमध्ये, कानावर हेडफोन, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बोट हलण्याआधी डोळा थबकतो, हे तिला चार वर्षांत पाठ झालं होतं. या घरात जेवताना तिघांचेही डोळे तसे थबकत. नवरा विचारी, "आई, मीठ आहे का?" मग सगळे थांबत. मग आई म्हणे, "आहे की." प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडलेली असे. आणि कोठीचं दार किलकिलं असलं तर त्या जागेत ते झणझणणं येई. तिघांना काय ऐकू येतं ते तिलाही ऐकू येत होतं. फरक एवढाच की त्यांना ते कळतही असावं.

दुसरी गोष्ट, घर कधी रिकामं राहत नसे. भाजी आणायला एक गेलं की दोघं मागे. लग्नालाही सासूबाई आल्या नव्हत्या. पाय मुरगळला म्हणून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होत्या.

"सोमवारी माझी रजा संपते," ती नवऱ्याला म्हणाली होती.

"बघू ना. आईशी बोल."

सासूबाई गोड हसल्या. "जाशील गं. पण घरात कोणीतरी हवं. इतकी वर्षं तिघांनी ओढलं, आता तू आलीस. एकीने सांभाळलं की बाकीच्यांना जरा सुटं होता येतं."

वाटून घेऊ, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे तिने मनात नोंदवून ठेवलं.

शनिवारी तिघं निघाले. तीन तासांच्या अंतरावर एका बंद पडलेल्या थिएटरात जुना सेट निघाला होता. उचलायला माणसं हवीत, असं सासऱ्यांचं म्हणणं. सासूबाई काय उचलणार होत्या कोण जाणे, पण त्या सकाळी सातपासून नव्या चपला घालून बसल्या होत्या.

"वाडग्यातलं पाणी बघत जा," सासरे म्हणाले. "हवा कोरडी झाली की कातडं ताणतं आणि फाटतं. आणि थोडा वेळ आत बस. त्याला माणसाची ऊब लागते."

ती वाडगा भरत असताना नवरा दारात आला. काहीतरी बोलायचं असल्यासारखा उभा राहिला. "येतो आम्ही," एवढंच म्हणाला आणि दार ओढून घेतलं. बाहेरची खिट्टी आपल्या वजनाने पडली. टक.

ओल जायला नको म्हणून या घरात दार ओढायची सगळ्यांनाच सवय होती. तिने हाक मारली. गाडी सुरू झाल्याचं झरोक्यातून ऐकू आलं. पुन्हा हाक मारली. दाराला आतून कडी नव्हती, मूठ नव्हती, नुसतं जाड लोकरी फेल्ट चिकटवलेलं होतं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला.

ती ओरडली. आपला आवाज दोन हातांवर विरतोय, हे आवाजाचंच काम करणाऱ्या तिला लगेच कळलं. गोधड्या सगळं पीत होत्या. माणसाच्या घशापेक्षा मोठा आवाज करणारं खोलीत काय आहे, याचा विचार करायला मात्र वेळ लागला नाही.

ती जुन्या सेटच्या स्टुलावर बसली. स्टूल तिच्या उंचीला बरोबर होतं. तिने स्टिक उचलल्या आणि जीव तोडून मारलं. तीन ठोके, थांबणं, तीन ठोके. कुणालाही कळेल असं.

पलीकडच्या अंगणात शेजारीण शिवणाचं मशीन घेऊन बसायची. तिचं मशीन थांबलं. मग हसणं आलं. "वाजवतेय बघा सून. आली हो वळणावर." आणि मशीन पुन्हा सुरू झालं, तिच्याच ठेक्यात.

तिने ठेका मोडला, वेडंवाकडं बडवलं. मशीनही जरा जोरात चाललं.

दीड-दोन तासांनी तिचे हात उचलेनात. ती दारापाशी जमिनीवर बसली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर फेल्टचा एक कोपरा सुटला होता. तिने तो सोलला. खाली लाकडात मुगाएवढे खळगे होते, शेकडो. स्टिकच्या टोकाचे. वरचे खोल, खालचे उथळ. सगळ्यांत खालचे जमिनीपासून वीतभर उंचीवर होते, नुसते टेकवल्यासारखे.

तिथे फार जुना, आंबूस वास होता.

मागे झणझणलं.

ती उठली. स्नेअरच्या बाजूला तारा सैल करायची एक खुंटी असते. तिने ती पाडली. झणझण चालूच. मग तिने ड्रम उचलून उलटा केला. पोटाखाली तारा नव्हत्या. जुडी बसते तिथे नुसती भोकं होती, कडांना गंजलेली. कुणीतरी कधीच काढून टाकल्या होत्या.

ड्रम तिच्या हातात झणझणत होता.

तिने तो परत ठेवला, झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवावं तसा, हलक्या हाताने. मग जे येत होतं तेच तिने केलं.

"मी ऐकण्याची तपासणी करते," ती म्हणाली. "मी विचारेन. हो असेल तर एकदा वाजवा. नसेल तर... गप्प राहा."

झण्.

"तुम्ही इथे अडकला होतात?"

झण्.

"हे लोक बाहेरगावी गेले होते."

झण्.

"मुद्दाम केलं होतं?"

गप्प. ती थांबली. गप्पच. म्हणजे चुकून. कुणीतरी सवयीने दार ओढलं, आणि दिवसचे दिवस बाई मदतीसाठी वाजवत राहिल्या. ज्या घरातून रोजच वाजण्याचा आवाज येतो, तिथे धावून कोण येणार?

"आता तुम्हाला एकटं राहवत नाही."

झण्.

पुढचा प्रश्न तिने दाराकडे बघून विचारला.

"आणि आज... माझं? मुद्दाम?"

झण्.

तिला रडू आलं नाही. इतक्या दिवसांत पाहिलेलं एकेक आपापल्या जागी येऊन बसलं, खडूच्या खुणेवर स्टँड बसावा तसं. ती मोठ्याने म्हणाली, "मला सोमवारी कामावर जायचंय. मला इथे राहायचं नाही. जाऊ द्याल?"

काहीच वाजलं नाही. ती घाई न करता उभी राहिली. एक माणूस बसेल एवढी जागा तिने सोडली, मग आणखी थोडी.

झण्. आणि तिच्या पाठीमागे खिट्टी उचलली गेली.

बाहेर घरातल्या बोळात कोणी नव्हतं. ती लगेच निघाली नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिने आत वळून आणखी तीन प्रश्न विचारले, आणि मग अंगणात गेली.

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय हात आहे गं तुझा. पूर्वी त्या बाई यायच्या ना, तसाच. एकदा तर सलग तीन दिवस वाजवत होत्या. आम्ही म्हटलं, काय दम आहे या वयात."

तिने दुखरी बोटं चोळली. शेजारीण आणखी पुढे वाकली.

"आणि दुसरं कोण होतं? शेवटी शेवटी दोघींनी मिळून वाजवलंत ते फार छान झालं."

शेवटी शेवटी ती दारापाशी जमिनीवर बसली होती. तिने विचारलं, "किती वेळ?"

"आत्ताच तर थांबलात."

तिघं सात वाजता परतले. गाडीत सेट नव्हता. सासूबाईंच्या हातात नव्या चपला होत्या, पायाला फोड आले होते. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, अंगावर कामावर जायचे कपडे, बाजूला बॅग. तिला पाहून नवऱ्याचा चेहरा आधी पडला, मग सुटल्यासारखा झाला, मग पुन्हा पडला.

"अगं... दार चुकून लागलं का?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटेत आठवलं."

"वाटेत," ती म्हणाली.

सासरे तिच्याकडे बघतच नव्हते. ते बोळाच्या टोकाला बघत होते. कोठीचं दार सताड उघडं होतं आणि आत दिवा नव्हता.

"कोणी उघडलं?" त्यांनी विचारलं.

सगळे थांबले. तीन जोड्या डोळे थबकले. पण या वेळी आवाज कोठीतून आला नाही. त्यांच्या पाठीमागे पुढचं दार हळूच मिटलं आणि बाहेरून खिट्टी पडली. टक. त्या दाराला बाहेरून खिट्टी नव्हतीच कधी.

नवऱ्याने जाऊन मूठ ओढली. दार हललं नाही.

"सूनबाई," सासरे कुजबुजले, "तू काय सांगितलंस त्यांना?"

तिने बॅग खांद्याला लावली आणि उठली. नवरा दारातून बाजूला सरकला. या घरात आल्यापासून ती एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती.

"सांगितलं नाही, विचारलं. मी जाऊ का म्हटलं, तर त्या हो म्हणाल्या. मग तुमचंही विचारलं, बाबा. तुमचं, आईंचं, यांचं, एकेकाचं वेगळं. प्रत्येक वेळी थांबले मी, पुष्कळ थांबले... त्या गप्प राहिल्या."