हुकमावाचून बांधलेली नौका

ती गोदी ताईंनीच रेखाटली होती. त्यांच्या कंपनीत देव-दानवांच्या समुद्रयुद्धाचा एक कॉम्प्युटर गेम तयार होत होता. खेळणाऱ्याने लाकूड पुरवून हुकूम सोडला, की त्या गोदीतून युद्धनौका पाण्यात उतरायची. त्या दुपारी काम तसं किरकोळच होतं. गोदीच्या छपराचा रंग जरा उजळ करायचा आणि जेवायला जायचं.

बाकीची मंडळी केव्हाच पांगली होती. मागे राहिला होता फक्त आवाजाचं काम बघणारा सहकारी. टाचणी पडली तरी कुठल्या खोलीत पडली ते सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. नुकताच बाप झालेला, झोपेचं पार खोबरं. एरवी या वेळी टेबलावर डोकं टेकून पेंगणारा कानसेन आज एकदम ताठ बसला.

"ताई, गोदीत कोण ठोकतंय?"

"तूच घातला असशील आवाज."

"मी अजून काहीच घातलेलं नाही..."

ठक्. ठक्. लाकडावर बसणारे संथ घाव. ताईंनी स्पीकर बंद केले, तरी ते थांबेनात. उलट आता ते कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मागून, कुठल्यातरी अफाट रिकाम्या जागेतून घुमत आल्यासारखे वाटू लागले. खोलीत डांबराचा वास पसरला. मग ओल्या लाकडाचा. मग खाऱ्या वाऱ्याचा. खिडक्या तर सगळ्या बंद होत्या.

ताईंनी पडद्यावर गोदी जवळ आणली. आत एका नौकेचा सांगाडा उभा राहत होता. गेममधली नौका पापणी लवायच्या आत तयार व्हायची, ही मात्र फळीफळीने वाढत होती. पाठमोरी माणसं खांद्यावरून तुळया वाहत होती. ताईंनी गोदीत माणसं काढलीच नव्हती.

भीती वाटायला हवी होती. पण ताई पडद्याकडे बघतच राहिल्या, त्या वेगळ्याच कारणाने. आयुष्यभर रेषा ओढूनही त्यांना त्या सांगाड्यासारखा बाक कधी साधला नव्हता. नौकेची नाळ, तिचं पुढचं निमुळतं टोक, वर, आणखी वर चढत गेली. छप्पर अपुरं पडलं तसं ते आपसूक, ओंजळ उघडावी तसं उघडलं. शिडाची सावली पडद्यातून बाहेर येऊन खोलीच्या भिंतीवर सरकली. ताईंचे हात नकळत जोडले गेले.

घाव थांबले. माणसं वल्ह्यांवर जाऊन बसली. एक वल्हं तेवढं रिकामं राहिलं.

कानसेन उठला. त्याच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं.

"कुठे निघालास?"

"ती जागा माझी आहे, ताई."

"अरे, वेडा झालास का? बायको घरी वाट बघतेय. लेकरू आहे..."

"ते मला हाका मारताहेत. तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्याचा हात पडद्याच्या काचेला टेकला आणि मनगटापर्यंत आत गेला. पाण्यात जावा इतका सहज. ताईंनी दुसरा हात घट्ट धरला. पलीकडची ओढ साधी नव्हती. खुर्ची, टेबल, सगळंच पडद्याकडे सरकू लागलं. गोदी एका फटक्यात पुसता आली असती. बोट पुसायच्या बटणापर्यंत गेलंही. पण अशी नौका मोडायची? ते पातक त्यांच्याच्याने होईना. मोकळ्या हाताने त्यांनी माऊस ओढला, क्षितिजापाशी जिथे नुसतं पाणी होतं तिथे टिचकी मारली, आणि पुटपुटल्या, "जा... याच्याशिवाय जा."

हुकूम मिळाला होता. वल्ही एकदम उचलली गेली. नौका निघाली तेव्हा सगळ्या वल्हेकऱ्यांनी माना वळवून ताईंकडे पाहिलं. त्या नजरांत राग नव्हता. ओळख होती. मग धुकं आलं, ओढ सुटली, आणि कानसेन जमिनीवर कोसळला.

शुद्धीवर आला तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं. "डोळा लागला वाटतं," असं म्हणून तो ओशाळला आणि ओले बूट हातात घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भीतभीतच गोदी उघडली. छप्पर जागच्या जागी होतं, आत शांतता होती. मधोमध एक नवं काम मांडलेलं दिसलं. एक लहानशी होडी, एकाच माणसापुरती. बसायच्या फळीला रंधा मारलेला होता, आणि तिच्यावर घडी करून ठेवली होती ताईंची शाल. कालपासून घरात कुठेच सापडत नव्हती ती.