मागच्या रांगेतली बोली

दादाची गाडी लिलावाला न्यायची, एवढंच खरं तर त्या दिवशीचं काम. सकाळी निघायचं, गाडी विकायची, दिवेलागणीच्या आत परत. मी वहिनींना म्हटलंही होतं, "तुम्ही घरीच थांबा, मी उरकून येते." पण त्या ऐकेनात.

गाडी विलायती. जुनी स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी. दादाला ती एका भंगारवाल्याकडे मिळाली तेव्हा तिचा डावा दरवाजा आत चेपला होता आणि त्या बाजूच्या सीटच्या फाटक्या कातड्यात काचेचे कण रुतले होते. तिथे कोण बसलं होतं, हे दादाने विचारलं नाही. "लोखंडाला कसली आलीय आठवण?" म्हणाला. निवृत्तीनंतरचे सगळे दिवस त्याने शेडमध्ये घालवले. पत्रा ठोकून सरळ केला, चाकांची एकेक तार बदलली. कार्बुरेटर तर इतक्यांदा उघडला की वहिनी म्हणायच्या, "सवतीची नाडी बरी कळते यांना!" इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी दादा शेडभर नाचला. त्याच आठवड्यात झोपेत गेला. एक फेरी मारायचीही राहून गेली.

तेव्हापासून वहिनींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली नव्हती. समोर शेड दिसायची ना.

लिलाव एका जुन्या गोदामात होता. बाहेर धुकं, आत पॉलिशचा आणि पेट्रोलचा वास. व्हॅनमागच्या ट्रेलरवरून गाडी उतरवली, पुसली, आणि आम्ही दोघी भिंतीकडेला उभ्या राहिलो. आमच्या गाडीची पाळी आली. पुढच्या रांगेतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला.

"आणि मागचे गृहस्थ," लिलाववाला म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा हात वर केला.

"मागचे गृहस्थ."

मी वळून पाहिलं. मागची रांग रिकामी होती. खांबाआड असेल कोणी, असं वाटलं. बोली चढत गेली, डॉक्टर रुमालाने कपाळ टिपू लागले, शेवटी त्यांनी मान हलवली आणि हातोडा पडला.

"दिली! मागच्या गृहस्थांना!"

सगळ्यांनी माना वळवल्या. कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं. लिलाववाल्याने चष्मा काढला, परत लावला.

"आत्ता... आत्ता तर होते..."

गोदामाचं एकुलतं एक दार त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्यातून कोणीच गेलं नव्हतं.

गाडी अखेर डॉक्टरांनाच मिळाली. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "हेच गं," त्या कुजबुजल्या. "सोडवत नाहीये यांना ती."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दादाच तो, असं मलाही वाटलं.

किल्ली द्यायच्या आधी वहिनी गाडीपाशी गेल्या. मी सही करायला मागे थांबले. लिलाववाला कागद पुढे सरकवत होता. मी हळूच विचारलं, "कसे दिसत होते हो ते?"

"पोरगेलासाच होता. पण उंच... दारात वाकावं लागेल इतका. काटकुळा. केस ओले." तो अडखळला. "आणि मान... अशी. एका खांद्यावर टेकलेली."

माझा दादा माझ्या कानाइतका उंच होता. गोल गरगरीत, आणि डोक्यावर केस औषधाला नाही.

मी धावत सुटले. वहिनी त्या डाव्या दरवाजाशी वाकून, मायेने बोलत होत्या.

"चला हो. परक्याच्या दारात नाही राहायचं. आपल्या घरी चला."

"वहिनी, थांबा..."

त्यांनी दरवाजा उघडून धरला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो हलकेच लावला. मग माझ्याकडे बघून हसल्या. दादा गेल्यावर पहिल्यांदा.

परतताना व्हॅन मी चालवत होते. वहिनी खिडकीशी सरकून बसल्या होत्या, आमच्या मधली सीट मोकळी. पहिलंच वळण घेतलं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. टिंग... टिंग... मधल्या सीटचा पट्टा लावा. त्या सीटवर साधी पर्ससुद्धा नव्हती.

"कधी म्हणून आपणहून लावायचे नाहीत," वहिनी कौतुकाने पुटपुटल्या. त्यांनी पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला. पण पट्टा खाली सीटवर पडला नाही. ताणलेलाच राहिला... हवेत. ओल्या केसांचा वास आला. मी काच खाली केली आणि रस्त्यावरची नजर हलू दिली नाही.

तेव्हाच का नाही बोललात, असं तुम्ही विचाराल. गेलेला नवरा परत मिळालाय असं जिला वाटतंय, तिला काय सांगायचं असतं, ते तुम्हीच सांगा.

त्या रात्री मी वहिनींकडेच राहिले. खोलीला आतून कडी घातली.

सकाळी स्वयंपाकघरात आले तर खिडकी सताड उघडी. ऊन थेट ओट्यापर्यंत आलेलं. वहिनी कात्री घेऊन खाली बसल्या होत्या, गुणगुणत. भोवती दादाच्या सगळ्या पँटी पसरल्या होत्या आणि त्या एकेकीची खालची दुमड उसवत होत्या.

"ये गं. एवढा सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही."

"वहिनी... हे काय करताय?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर कसली शंका नाही, भीती नाही. दोरा दाताने तोडत म्हणाल्या,

"अगं, एकही पुरत नाहीये यांना. सगळ्या आखूड झाल्यात."